परिपाठातली बातमी

मैत्रिणींनो, मूल शाळेतून घरी आलं की तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? डबा संपवलास का, हाच ना! दुसरा, गृहपाठ काय दिलाय. तिसरा, गणितात किती मिळाले. सगळ्याच जणी विचारतो, मीही विचारते. पण "आज शाळेत काय बातमी?" असं आपण सहसा विचारत नाही. शाळेत कसली आलीय बातमी, असंच आपल्याला वाटतं. गेली काही वर्षं मी ह्या बातमीच्याच मागे लागले आहे. ती हकीकत तुम्हांला सांगावी म्हणून आज दुपारचं आवरून लिहायला बसले.

आधी गावाची ओळख करून देते. माझं सासर म्हसावद. शहाद्याहून उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला निघालं की आमचं गाव लागतं. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. सासूबाईंच्या तोंडून अजून पत्ता सांगताना 'जिल्हा धुळे' असंच निघतं. भोवताली केळी, पपई, कापूस, मिरची. बाजाराच्या दिवशी चौकात नुसतं उभं राहावं. एकीकडे गुजर बायांची गुजरी, एकीकडे अहिराणी, पलीकडे भिलोरी, डोंगरातून उतरून आलेल्यांची पावरी. आणि दुकानदार ज्याच्याशी त्याच्या भाषेत भाव करणार! आमची शाळा मात्र एकाच भाषेत बोलते, पुस्तकातल्या मराठीत. मी बी.ए. झालेली, घरातलं करून तिथं अर्धवेळ, मानधनावर शिकवते. मानधन किती ते विचारू नका, महिन्याची भाजी निघते एवढंच.

आता परिपाठ म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात असेलच. सकाळी मुलं रांगेत उभी राहतात. राष्ट्रगीत, २०२३ पासून त्याच्या जोडीला राज्यगीत, मग प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. ह्या सगळ्याच्या मधे कुठंतरी 'आजच्या ठळक बातम्या' असा एक मिनिटाचा कार्यक्रम असतो. सातवीतली एखादी हुशार मुलगी वर्तमानपत्राचे चार मथळे एका श्वासात वाचून टाकते. शेअर बाजारात घसरण, अमुक मंत्र्यांचा तमुक दौरा, सोन्याच्या दरात वाढ. वाचणारीला अर्थ कळत नाही नि ऐकणाऱ्यांना त्यातलं काही लागत नाही. पहिली-दुसरीतली पोरं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी असतात. मी लहान होते तेव्हाही हे असंच होतं.

एकदा काय झालं, पेपर वेळेवर आलाच नाही. होळीच्या आसपासचे दिवस. बातम्यांची पाळी आली आणि वाचायला काहीच नाही. तेवढ्यात तिसरीच्या रांगेतून एक पोरगा हात वर करून म्हणाला, "बाई, मी सांगू?" आणि सांगूनच टाकलं त्यानं, "काल मनी माय उनी!"

काल माझी आई आली. बस, एवढीच बातमी. पण सगळी रांग वळून त्याच्याकडे बघायला लागली. कारण त्याची आई दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेली होती आणि इतके महिने तो आजीपाशी होता, हे त्या शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. माती उकरणारे पाय थांबले. आमचे हेडसर तसे कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "ही आजची मुख्य बातमी. फळ्यावर लिहा."

त्या दिवसापासून व्हरांड्यातला एक जुना फळा आम्ही गावबातमीला दिला. रोज तीन बातम्या, जास्त नाही. सांगणाऱ्यानं आपल्या घरच्या बोलीत सांगायची, आणि वरच्या वर्गातल्या एखाद्यानं ती मराठीत फळ्यावर लिहायची. ज्याला ती बोली येत नाही त्यानं सांगणाऱ्याला विचारून विचारून लिहायची. अहो, भाषेचा ह्याहून चांगला तास मी तरी पाहिलेला नाही. "कोंबडी खुडूक बसली" हे चार भाषांत कसं म्हणतात ह्यावरून मधल्या सुट्टीत वाद चालतात!

आणि बातम्या तरी कशा? आमच्या कोंबडीनं अकरा अंडी घातली, चार मुंगसानं नेली. वाऱ्यानं केळीची बाग झोपली, बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आजोबा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आले, घोडे पाहिले, घेतला नाही. भोंगऱ्या बाजारातून आईनं मला बांगड्या आणल्या, बहिणीला आणल्या नाहीत. ही शेवटची बातमी सांगताना त्या मुलीचा आवाज असा काही होता, की बहीण दुसरीच्या रांगेत रडायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात शिक्षण कुठं आलं? एका वडिलांनी येऊन हेच विचारलं. "बाई, आमची बोली तर त्याला घरीच येते. शाळेत शुद्ध बोलायला शिकवा, जमलं तर इंग्रजी शिकवा." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याला ऑफिसात, दवाखान्यात बोलीवरून हिणवलेलं असतं, त्याला मुलानं तसं बोलू नये असं वाटणारच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय, की शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत मुलाला घरच्या भाषेतून शिकवावं. पण धोरणातलं वाक्य दाखवून बापाचं समाधान होत नसतं. मी त्यांना त्यांच्याच मुलाची वही दाखवली. पहिल्या सत्रात त्यात एक सलग वाक्य नव्हतं. बातमी सांगायला लागल्यापासून तीन-चार ओळी आपल्या मनानं लिहायला लागला होता. तोंड उघडल्याशिवाय हात चालत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते गेले ते "बघू" म्हणून गेले. तेवढं पुष्कळ झालं.

तसं पाहिलं तर आमच्या महाराष्ट्राला हे काही नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं तुम्हां सर्वजणींना माहीत आहेत. १९४५ साली बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं, पुढं त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा ह्या बायांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, तीच कुरणशाळा. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ करतो. पण मूल येत नाही तर ते कुठं आहे हे आधी जाऊन बघायचं, एवढी साधी गोष्ट त्यांच्यापासून घेण्यासारखी आहे, ती मात्र राहून जाते. आमचा फळा हे काम बसल्या जागी करायला लागला. मूल कुठं आहे, घरी काय चाललंय, हे मूलच सांगायला लागलं.

आमच्याकडे ह्याची गरज किती, ते सांगते. दसरा झाला की कापूस वेचणी, तेव्हा मोठ्या मुली घरी राहणार. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यानं पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला थेट दक्षिण गुजरातेतल्या ऊसपट्ट्यात जायचं, ते उन्हाळा लागेपर्यंत. बरोबर पोरंही जातात. लहानग्याला सांभाळायचं, वाढ्याच्या मोळ्या बांधायच्या, पाणी आणायचं. आधी आम्हांला काय कळायचं? हजेरीपटावर गैरहजर, गैरहजर, गैरहजर. आठ दिवसांनी कुणीतरी सांगायचं, ती घरं गेली की बाई.

फळा लागल्यानंतरच्या दिवाळीत चौथीतल्या एका मुलीनं बातमी दिली, "आम्ही परवा जाणार. गाडी रात्री येणार आहे. माझं दप्तर मी आजीच्या पेटीत ठेवणार." सांगताना तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कोंबडीच्या अंड्यांची बातमी सांगावी तशी सांगितली.

म्हणजे आमच्या हातात दोन दिवस होते. संध्याकाळी हेडसर, मी आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी अशा तिघांनी वस्तीवर जायचं ठरवलं. मावशींना मुद्दाम नेलं. त्याचं कारण असं, की आमच्या शाळेत कुणाच्या घरी काय चाललंय हे सगळ्यांत आधी त्यांना कळतं. सोमवारी कुठलं पोर दुसऱ्यांदा ताट पुढं करतं, त्यावरून रविवारी त्या घरी चूल किती पेटली हे त्या ओळखतात. १९९५ साली शाळेत आहार योजना आली तेव्हा मी पहिलीत होते. महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी न्यायचो. तो घरच्या डब्यात पडायचा, पोराच्या पोटात किती जायचा देव जाणे. सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलंच अन्न द्या असा हुकूम केला आणि शाळेत चूल आली. आता २०२१ पासून तिचं नाव 'पीएम पोषण'. पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोजचे शंभर ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला दीडशे, हा हिशेब कागदावरचा. कोणाला किती भूक आहे हा हिशेब मावशींचा.

तर त्या मुलीच्या घरी गेलो. आई भांडी गोणीत भरत होती. आम्ही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "बाई, हिला ठेवून गेले तर धाकट्याला कोण धरणार? मी कोयता धरू का पोर?"

मैत्रिणींनो, ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल असं मला वाटत नाही. उचल घेतलेली होती, ती घरात खर्चही झाली होती. शहरात बसून "आईबापच मुलांना शिकू देत नाहीत" असं म्हणणाऱ्या बायकांना मी त्या गोणीपाशी नेऊन उभं करावं असं मला तेव्हा वाटलं, अजून वाटतं.

हेडसरांनी तिचं शिक्षण हमी कार्ड भरून दिलं. मूल कितवीत आहे, त्याला काय काय येतं हे त्यावर लिहितात, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेनं बसवून घ्यावं. पण तिथली शाळा गुजराती, अक्षरं वेगळी. मावशींनी आजीला हळूच विचारलं, मोठ्या मुलाला तरी ठेवता का? आजी हो म्हणाली. सहावीतला भाऊ राहिला आणि मुलगी गेली.

पण एक झालं. जानेवारीत त्या भावानं परिपाठाला बापाच्या नंबरवरून आलेला आवाज आमच्या मोबाईलवर ऐकवला. माईकपुढं फोन धरला. बहीण बोलत होती. इकडं रात्री पाऊस झाला, कोपीत पाणी आलं, आम्ही बैलगाडीखाली झोपलो. बाळाला चालता येतं. मला सातचा पाढा येत होता तो आता येत नाही. एवढं सांगून फोन बंद झाला. दोन-अडीचशे पोरं, कुणी हललं नाही. मग चौथीच्या वर्गानं त्याच फोनवर तिला सातचा पाढा म्हणून पाठवला. दर शनिवारी एक पाढा जायला लागला. परीक्षेपर्यंत ती आली, पास झाली. पाढ्यांनी झाली असं म्हणून मी तुम्हांला फसवणार नाही. भागाकारात अजून कच्ची आहे.

ह्या सगळ्यात आणखी एक गोष्ट घडली, ती मला सगळ्यांत मोठी वाटते. आया शाळेत यायला लागल्या. शिक्षण हक्क कायद्यानं २०१० पासून शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बायका असं ठरवून दिलंय. आमच्याकडे बायका होत्या हो, कागदावर! बैठकीला यायच्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढून भिंतीकडेला बसायच्या, सही करायच्या. बोलायचे त्यांचे मालक. पालक सभेला बोलावलं तर "त्यांनाच पाठवते" हे ठरलेलं उत्तर. पण आपलं पोर माईकवर आपल्या बोलीत आपल्या घरची बातमी सांगणार म्हटल्यावर कुठल्या आईला घरी राहवेल? शेतावर जाता जाता कुंपणाशी थांबायच्या, डोक्यावर पाटी तशीच. मग फाटकाच्या आत आल्या. मग व्हरांड्यात बसल्या. बसल्यावर बोलणं आलंच.

तक्रारीही आल्या, लपवत नाही. एक बाई तावातावानं आली, तिच्या जावेच्या मुलानं दोघींचं भांडण फळ्यावर चढवलं होतं. तिचं म्हणणं रास्त होतं. तेव्हापासून नियम केला, की बातमी आपल्या घरची, दुसऱ्याच्या घरची नाही, आणि आईसमोर सांगता येईल तीच. आणखी एक नियम आम्हां शिक्षकांपुरता. एका मुलानं बाप दारू पिऊन मारतो हे सांगायला तोंड उघडलं होतं. हेडसरांनी त्याला हाताला धरून बाजूला नेलं. असलं काही फळ्यावर जात नाही. ते ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी जाऊन बोलायचं. तुमच्या शाळेत असं काही सुरू करायचं मनात आलं तर हे आधी ठरवून घ्या. मूल खरं बोलायला लागलं की सगळंच खरं बोलतं.

९ सप्टेंबरला आमच्या जिल्ह्यातल्या शाळांतून शिरीषकुमारांची आठवण होते. १९४२ साली ह्याच दिवशी नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार पंधरा वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर आणखी चौघे गेले. दरवर्षी हा दिनविशेष वाचला जातो आणि मुलं ऐकतात. यंदा पाचवीतल्या एकानं विचारलं, "बाई, त्याच्या आईला बातमी कोणी सांगितली?" इतकी वर्षं मी हा दिनविशेष ऐकतेय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पुढच्या दिवाळीचं सांगायचं राहिलं. त्या मुलीच्या आईनं ह्या वेळी स्वतः समितीच्या बैठकीत येऊन बातमी दिली. आम्ही जाणार, धाकटं आता पायानं चालतं, त्याला मी नेते, हिला ठेवते. पण आजीला रात्रीचं दिसत नाही, हिच्या रात्रीच्या भाकरीचं काय? मालक मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कुणी म्हणालं अर्ज करू, कुणी म्हणालं निधी बघावा लागेल. तोवर भिंतीकडेच्या एका बाईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "वार लावून घेऊ." आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी गरीब मुलं वारावर जेवून शिकायची, ते आपण ऐकलंय. तसंच! चार घरांनी वार वाटून घेतले. एका घरी आठवड्याला दोन रात्री, कधी एक. त्या घरांतली दोन गुजरांची, एक मराठ्यांचं, एक आमचं. सासूबाईंनी पहिल्या रात्री ताट वेगळं काढलं होतं. दुसऱ्या आठवड्यात मी काही बोलायच्या आत त्यांनीच ते बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं. त्यावर आम्ही दोघी अजून एक शब्द बोललेल्या नाही.

त्या वर्षी जाणाऱ्या घरांतली सात मुलं होती. तीन राहिली, चार गेली. गेलेल्या चौघांचे आवाज शनिवारी येतात. एकाचा फोन लागत नाही.

शहरातल्या मैत्रिणींनो, तुमच्या मुलांच्या शाळेची बातमी तुम्हांला मोबाईलवरच येत असेल. उद्या पिवळा ड्रेस घालून पाठवा, परवा फळांचं चित्र आणा, फीची शेवटची तारीख. ती शाळेनं तुम्हांला दिलेली बातमी झाली. मुलाकडे त्याची स्वतःची एक तरी असतेच. रात्री ताटावर बसलं की विचारून पाहा, आणि उत्तर येईपर्यंत पोळी वाढायला उठू नका. पहिले दोन दिवस "काही नाही" असंच उत्तर येईल.

आमच्या फळ्यावर गेल्या शनिवारी सहावीतल्या मुलीनं सांगितलेली बातमी आहे, "मुलींच्या संडासातली बादली फुटली आणि नळाला पाणी नाही." कुणी हसलं नाही. सोमवारी समितीतल्या दोघी घरच्या बादल्या घेऊन आल्या, आणि नळासाठी एकीनं अर्ज लिहिला. स्वतःच्या हातानं लिहिला, खाली स्वतःची सही केली, मालकांना नंतर सांगितलं. अर्ज देऊन आठच दिवस झालेत, उत्तर यायचं आहे. पाणी येईपर्यंत ही बातमी पुसायची नाही असं मुलांनी ठरवलंय. त्यामुळे सध्या फळ्यावर दोनच नव्या बातम्यांना जागा आहे, आणि तिसरीतल्या पोरांची त्याबद्दल रोज कुरकुर चालते.